खालच्या मजल्यावरच्या काकाजींना, तर्रीकडून आणि माझ्याकडून

काकाजी,

तुमच्याकडे साधा बटणाचा फोन, त्यामुळे हे तुमचा नातूच वाचून दाखवेल. समोर येऊन बोलायला गेली की तुम्ही "जाऊ दे ना पोरी" म्हणून विषयच बदलवता, म्हणून लिहून राहिली, आणि मुद्दाम चारचौघांत लिहून राहिली.

एप्रिलची ती दुपार आठवते ना. बाहेर ४३, तुम्ही आले होते पाण्याची मोटर काहून बंद आहे विचारायला आणि मी टँकपुढे बसून रडून राहिली होती. तर्री तीन दिवसांपासून जेवली नव्हती, कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक गोल झालेलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तर्री म्हणजे माझा ॲक्सोलॉटल, मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तलावाकडचा चार पायांचा जीव, मासा नाही, बेडकाच्या नात्यातला, पण जन्मभर पाण्यातच राहतो. अंग पोह्यासारखं पांढरं आणि वर लालभडक कल्ले, नागपुरात दुसरं नाव सुचणार तरी काय?)

ज्या दुकानातून आणली त्याने "गोल्डफिशसारखंच आहे मॅडम, टेन्शन नका घेऊ" म्हणत निळे गोटे, भक्क पांढरा लाईट आणि धबधब्यासारखा फिल्टर गळ्यात मारला. मग फोन केला की एक औषध, पुन्हा केला की दुसरं औषध, नंतर फोन उचलणंच बंद. एका ओळखीच्याने तर ऐकवलं की ज्याला १६-१८ डिग्रीचं पाणी लागतं तो प्राणी नागपुरात आणायची अक्कल कोणी दिली. बरोबरच होतं हो त्याचं, पण आणून बसली होती ना मी, आता त्या जिवाला काय सांगू?

आणि तुम्ही काय केलं? काहीच बोलले नाही. आधी टँकचा लाईट बंद केला, मग खोलीची ट्यूबलाईट, मग खिडकीचा पडदा ओढला आणि त्या अंधारात मांडी घालून फरशीवर बसले, गुडघे दुखतात तरी. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असतील, मला वाटलं काकाजींना झोप लागली. मग हळूच म्हणाले, "याले पापण्या नाहीत वं. डोळे मिटता येत नाही त्याले." आणि तेव्हाच तर्री कोपऱ्यातून निघून दोन पावलं चालली. महिनाभर मी त्या लाईटमध्ये तिचे फोटो काढून राहिली होती काकाजी. अजून कसंतरी होते.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. गोटे काढले, कारण तोंड उघडून पाण्यासकट जे येईल ते ती गिळते, फिल्टर बदलला, पंखा आणि बर्फाच्या बाटल्यांनी काही भागलं नाही तेव्हा शेवटी चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवायचं मशीन, घेतला (किंमत लिहीत नाही, आई वाचते). पण तुमचा तो फुटका माठ! दोन दिवस भिजवून, कडा पायरीच्या दगडावर घासून घासून गुळगुळीत करून आणला, बोट फिरवून दाखवलं की पाहा, कुठेच लागत नाही. आता त्याच्या गळ्यातून ती रात्री आरपार जाते, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने डोकं काढून बसते, जशी खिडकीत उभी राहून भाजीवाल्याची वाट पाहून राहिली. गांडूळसुद्धा रोज वेगळ्या जागी सोडायचं ही तुमचीच आयडिया, "हातात आयतं दिलं तर बोर होईल ते." तिला नीट दिसत नाही, वासावर शोधते, आणि सापडलं की अशी झडप घालते की मीच दचकते.

तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट होते, प्रोफेसर नव्हते, हे तुम्ही मला तीनदा सांगितलं. "हा जीव मी जिंदगीत पहिल्यांदा पाहून राहिलो" हेही सांगितलं. माहीत नाही म्हणायला माणसाचं काय जाते, पण त्या दुकानदाराच्या तोंडून एकदा नाही निघालं ते. आणि ज्याला माहीत नव्हतं तोच फरशीवर बसला.

माठाचे पैसे तुम्ही घेतले नाही, ठीक आहे. पण रविवारी वर या, संध्याकाळी, लाईट बंदच ठेवते. येताना तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीतली गांडुळं आणा चार, विकतची आता ती तोंडातून थुंकून देते.