कल्ले काढून टाक

प्रिय सुध्या,

तुझ्या जलमानवांच्या कादंबरीची पहिली प्रकरणं वाचली. जागा झकास निवडलीस. आंग्रिया बँक! विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, वरून बघावं तर नुसतं पाणी, आणि २० मीटर खाली प्रवाळाचं पठार. पण त्यांच्या मानेवरचे ते कल्ले काढून टाक बाबा.

हिशोब बघ. माणूस नुसता पडून असला तरी त्याला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम ५ मिलिलिटर. म्हणजे सगळाच्या सगळा शोषून घेतला तरी मिनिटाला ५० लिटर पाणी कल्ल्यांतून जायला हवं, तेही झोपेत. तुझी नायिका तर पहिल्याच पानावर शार्कशी झुंजते! शिवाय कल्ल्यांतून फिरलेलं रक्त पाण्याइतकंच गार होऊन परततं. मग ३७ अंशांवर चालणारा मेंदू गरम ठेवायचा कशाने? ओपा नावाचा मासा सगळं अंग गरम राखतो हे २०१५ साली कळलं, पण तोही पाण्यापेक्षा पाचेक अंशच गरम. देवमासे पाच कोटी वर्षं पाण्यात आहेत, त्यांना कुठे फुटले कल्ले?

तेव्हा फुप्फुसंच असू देत. प्लीहा, म्हणजे पोटातला तो रक्त साठवणारा अवयव, मात्र मोठी दे. इंडोनेशियातल्या बाजाऊ जमातीच्या पाणबुड्या लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी सालुआन लोकांच्या दीडपट निघाली, २०१८ साली मोजली होती. बुडी मारली की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. स्नायूंत सीलसारखं मायोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन, ठासून भर. झोप डॉल्फिनसारखी, एका वेळी अर्ध्या मेंदूने. गोड्या पाण्याचा प्रश्न माशांच्या अंगातल्या पाण्यावर सुटेल, मूत्रपिंडं तेवढी दणकट हवीत.

आणि मग बघ काय होतं. श्वासासाठी वर यायचंच, म्हणजे आषाढातही. वर खवळलेला दर्या, आणि नवजात पोराला पहिल्या श्वासासाठी त्यातच वर न्यायचं. अशी पोरं जगणार कितीशी? म्हणून पिढ्यान् पिढ्या बाळंतपणं सरकत सरकत पावसाळ्यानंतर आली असतील. नेमकी नारळी पौर्णिमेनंतर, कोळ्यांच्या होड्या दर्यात उतरतात तेव्हा! लेकराला घेऊन वर आलेली बाई कुणाच्या तरी नजरेला पडणारच. तुझं तिसरं प्रकरण इथूनच सुरू व्हायला हवं, ती राजदरबाराची लांबण सरळ काप.

राणीचा लाल शालूही बदल. २० मीटर खोलीवर लाल रंग पोचतच नाही, तो काळपट दिसेल. निळा चालेल.

चिडला असशील तर फोन कर, पण रात्री दहानंतर. मुलीची परीक्षा चालू आहे.

तुझा,
नंदू