भाडे थकण्याआधी बोला : भाडेकरू सभासदांसाठी सूचना

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील सर्व भाडेकरू सभासदांना कळविण्यात येते की, कापसाचे पैसे लांबल्यामुळे किंवा काम सुटल्यामुळे या महिन्याचे भाडे वेळेवर देणे शक्य नसल्यास घरमालकांना आधीच लेखी कळवावे, जमेल तेवढी रक्कम द्यावी आणि तिची पावती घ्यावी. (तोंडी वायदा पुढे कोणालाच आठवत नाही.)

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 15 नुसार थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी घरमालकाने लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबणे बंधनकारक आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही 90 दिवसांत थकबाकी, तिच्यावरील 15 टक्के वार्षिक सरळव्याज व दाव्याचा खर्च भरून पुढील भाडे नियमित दिल्यास त्या कारणावरून बेदखलीचा हुकूम होत नाही. मात्र 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता घर फक्त ठरावीक मुदतीसाठी वापरू देणाऱ्या करारावर) राहणाऱ्यांना हे संरक्षण लागू नाही, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. त्यांनी आपला करार आजच वाचावा.

नोटीस आल्यास ती बाजूला न ठेवता जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना तेथे वकील विनामूल्य मिळतो. दूरध्वनी : 15100.