दुकान दोनदा बुडालं, कागदावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जगातल्या सर्वात जुन्या कंपन्यांवरचा लेख आवडला. फक्त शेवटी लेखकाने ‘या यादीत भारत औषधालाही नाही’ म्हणून जो सुस्कारा टाकलाय, त्यावर एका दुकानदाराला दोन शब्द बोलायचे आहेत.

आधी यादीबद्दल. पहिलं नाव जपानच्या कोंगो गुमीचं. इ. स. ५७८ मध्ये ओसाकाचं शितेन्नोजी मंदिर बांधायला कोरियातल्या बेक्जे राज्यातून सुतार आणले, त्यांच्यातलं हे घराणं. चौदाशे वर्षं देवळं बांधली. मुलगा कामाचा निघाला नाही तर हुशार जावई दत्तक घ्यायचा आणि त्याला घरचं आडनाव लावायचं, ही तिथली रीत. (आपल्याकडे घरजावयाची चेष्टा होते, तिथे त्याच्या हाती गादी जाते.) पुढे जमिनींच्या तेजीत कर्ज डोक्यावर बसलं आणि २००६ मध्ये ताकामात्सु या मोठ्या बांधकाम समूहाने कारभार ताब्यात घेतला. सुतार आजही देवळांचीच कामं करतात. मग कंपनी जिवंत म्हणायची की गेली?

याच्या अगदी उलटं स्वीडनमध्ये. फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या एक अष्टमांश वाट्याचा १२८८ चा दस्त आजही आहे. ती खाण १९९२ मध्ये बंद झाली. पण तिच्यातून वाढलेली स्टोरा कंपनी लाकूड आणि कागदाकडे वळली होती. १९९८ मध्ये ती फिनलंडच्या एन्सोत विलीन झाली, आणि तरी वय सांगताना १२८८ पासूनच सांगतात. म्हणजे एकीकडे काम राहिलं नि मालक गेले, दुसरीकडे काम गेलं नि नाव राहिलं. दोघांनाही एकाच फूटपट्टीने मोजून यादी तयार.

आता आमच्या गल्लीत येतो. आजोबांनी सूत आणि रंगाचं दुकान काढलं. पहिल्या वहीवर ‘श्री लक्ष्मी प्रसन्न’ आणि खाली ‘कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १८५१’ असं मोडीत आहे, म्हणजे १९२९ ची दिवाळी. त्याच वहीत पुढे मे १९३० च्या पानांवर नुसत्या तारखा आहेत, आकडा एकही नाही. सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. गिऱ्हाईक येणार कुठून? पण आजोबांनी तारखा टाकायच्या सोडल्या नाहीत. रोज एक ओळ, पुढे कोरं.

यंदा शहरातल्या एका संस्थेने जुन्या पेढ्यांच्या सत्कारासाठी अर्ज मागवले. मुलगा जाऊन आला नि म्हणाला, “बाबा, ते नोंदणीचं सर्टिफिकेट मागतेत. वही चालत नाही म्हणे.” आमच्याकडे सर्टिफिकेट आहे ते जीएसटीचं, २०१७ चं. तिथल्या बाईंनी अर्जावर ‘स्थापना २०१७’ लिहून टाकलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं पुसायला एक बॉलपेन पुरलं.

राग आला खरा, पण घरी येऊन विचार केला तर कायद्याने त्यांचंच बरोबर निघतं. आजोबा एकटे मालक. अशा धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्वच नसतं. ते गेले त्या दिवशी कायद्याच्या लेखी दुकानही गेलं. मग वडील आणि काका यांची भागीदारी झाली. भागीदार वारला की पेढी विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलेलं असेल तरच टिकते. आमच्यात कसला करार? तोंडी सगळं. काका गेले तेव्हा दुकान दुसऱ्यांदा गेलं. तेरावं झाल्यावर वडिलांनी शटर वर केलं, दिवा लावला आणि त्याच वहीत पुढची ओळ लिहिली.

आणि जिला मरण नाही म्हणतात ती लिमिटेड कंपनी? माणसं येवोत-जावोत, कंपनी राहते, हीच तर तिची ख्याती. सोलापूरकरांना जास्त सांगायला नको. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली जुनी गिरणी, १८७० च्या दशकातली, रीतसर कंपनी. ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनी वेगळी, भागधारक वेगळा, मग नुकसान नेमकं कोणाचं, यावर तिथे खल झाला. १९५० मध्ये एका भागधारकाचा अर्ज फेटाळला गेला, १९५३ च्या डिसेंबरात दुसऱ्याच्या दाव्यात वटहुकूमच घटनाबाह्य ठरला. कायदा शिकणारी पोरं आजही हे खटले वाचतात. गिरणी मात्र राहिली नाही. ‘जुनी मिल’ हा आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे.

आपल्या देशात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदाच मुळी १८५० चा, आणि भागधारकांची जबाबदारी मर्यादित करणारा १८५७ चा. त्याआधीच्या पेढीने सर्टिफिकेट आणायचं कुठून? त्याआधी इथल्या माणसाला माहीत असलेली कंपनी एकच, जी सरकार होऊन बसली होती. तीही १८७४ मध्ये गुंडाळली गेली. म्हणून ‘भारत यादीत नाही’ म्हणण्याआधी यादी करणाऱ्याने काय पुरावा मागितला ते विचारायला हवं.

माझ्या म्हणण्यातही एक भोक आहे, ते लपवत नाही. आजोबा हातमागवाल्यांना सूत आणि रंग द्यायचे, वडिलांनी चादरीच्या कारखानदारांना माल दिला, मुलगा आता तयार टॉवेल बाहेरगावी पाठवतो. हा तोच धंदा का? स्वीडनवाल्यांना विचारलं तर हो म्हणतील. मी वहीला विचारतो, कारण पान तुटलेलं नाही. मात्र बाजारात ‘स्थापना’ची पाटी रंगवून घेणारेही आहेत, दोन वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दुकानं मी पाहिली आहेत, तेव्हा कागद मागणाऱ्याला सरसकट नावं ठेवता येत नाहीत.

तर विनंती अशी, की पुरवणीत वाचकांकडून घरच्या जुन्या वहीच्या पहिल्या पानाचे फोटो मागवा. सोलापुरातच पोतंभर येतील. मोडी वाचणारा माणूस तेवढा शोधून ठेवा. आमच्या पानाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लाय, तारीख शाबूत आहे.

आपला,
एक जुना वाचक आणि दुकानदार
मंगळवार पेठ, सोलापूर