दादांच्या अडलेल्या लघवीविषयी सुधाकरास

दादर, मुंबई

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दादांची लघवी मागच्या महिन्यात पूर्णपणे अडली आणि त्यांना रात्रीच रुग्णालयात न्यावे लागले. आता ते हिंडते-फिरते आहेत, माझा रक्तदाबही ठीक आहे. पण त्यानंतर घरात काढे घ्यायचे की डॉक्टरांचे ऐकायचे असा जो वाद पेटला आहे तो तुझ्याइतका दुसऱ्या कोणाला उमगणार नाही, कारण आबांच्या आजारपणात याच विषयावरून आपण दोघांनी गच्चीवर किती रात्री भांडून काढल्या!

दादा सावंतवाडीहून बसने येत होते. सर्दीची गोळी घेतलेली, पोट कित्येक दिवस साफ नाही आणि बस थांबवायला सांगण्याचा संकोच. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या माणसाला यांपैकी एखादे कारणही पुरते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी तर मूत्राशयाचे तोंड अधिकच आवळते किंवा त्याचा जोर कमी पडतो. घरी पोचेपर्यंत बेंबीखालचे पोट टणक झाले होते आणि थेंबही बाहेर पडत नव्हता. शेजारच्या काकूंनी मायेने गोखरूचा काढा आणला. तेवढ्यात वहिनींनी बोलावलेले वैद्य आले, त्यांनी पोटाला हात लावला आणि तो पेला आधी बाजूला ठेवायला लावला. ‘खालचे दार बंद असताना वरून पाणी ओतू नका, प्रथम नळी घालून घ्या,’ असे ते म्हणाले. नळीवाटे जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. एरवी 400 ते 500 मिलिलिटरलाच माणसाला धीर धरवत नाही.

माझी काळजी याच्या पुढची आहे. दादांनी ठरवून टाकले आहे की नळी निघाली, आता उरलेले सारे आयुर्वेद पाहून घेईल. त्यांनी डॉक्टरांची गोळी परस्पर बंद केली आणि सोनोग्राफीला ते जात नाहीत. शिरीष म्हणतो, काढे मोरीत ओता. माझ्या मते वैद्य काय म्हणाले ते या दोघांनीही ऐकलेले नाही.

वैद्यांनी मला शांतपणे समजावले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या भागात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याच्या विकाराचे, 12 प्रकार आहेत. गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्यामधल्या जागेत दगडासारखी घट्ट गाठ होऊन मल, मूत्र आणि वात अडतात ती वाताष्ठीला. लघवीचा वेग दाबून ठेवल्यामुळे बेंबीखाली पोट फुगते ते मूत्रजठर. दादांचे दुखणे त्यांना या दोन्हींत दिसले. मलमूत्र खाली ढकलणाऱ्या अपान वायूची गती पूर्ववत करायची, म्हणजे पोट साफ ठेवायचे, वेग दाबायचा नाही आणि मग गोखरू, वरुण, पुनर्नवा, गोक्षुरादि गुग्गुळ यांचा विचार करायचा. मात्र लघवी वाढवणारे औषध मार्ग मोकळा झाल्यावर आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहूनच द्यायचे, आणि लोहभस्म असलेली चंद्रप्रभा वटी तर कोणी मनाने खायची नाही. गोखरूने वाढलेली ग्रंथी आटते, असे वचन त्यांनी दिले नाही, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तू म्हणायचास की काढे ही निव्वळ मनाची समजूत आहे. तुझे ते म्हणणे मला आजही मान्य नाही. बद्धकोष्ठ सुटल्यावर दादांना किती मोकळे वाटले ते मी पाहतो आहे. पण लघवीला जाऊन आल्यावर मूत्राशयात किती उरते हे हात लावून नेहमी कळत नाही, ते सोनोग्राफीत दिसते. हळूहळू साचत गेलेली लघवी दुखत नाही, नुसती थेंब-थेंब गळते, आणि मागचा ताण मूत्रपिंडांवर जातो. ही गोष्ट दादांच्या गळी कशी उतरवावी, या विचाराने मला झोप लागत नाही.

नाशिकच्या घराचे काम आटोपले का? मीनलचा निकाल कळव. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तू विचारलेला पत्ता पुढच्या पत्रात नक्की पाठवतो.

दादा माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतात. कॅरमच्या दिवसांपासून त्यांचा जीव तुझ्यावर आहे. रविवारी सकाळी त्यांना फोन कर. आयुर्वेदाविषयी वावगा शब्द काढू नकोस, नाहीतर ते फोन ठेवून देतील. सोनोग्राफी वैद्यांनीच सांगितली आहे आणि डॉक्टरांची गोळी बंद करायलाही वैद्यांनी सांगितलेले नाही, एवढेच सांग. पुन्हा लघवी अडली तर काढा उकळत न बसता थेट रुग्णालयात जाईन, असे त्यांच्याकडून कबूलही करून घे.

तुझा,
अरविंद