राखीव गोलीचं नावही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर फुटबॉल विश्वचषकाच्या संघांविषयी एक चौकट आली होती. तिच्यात ब्राझीलच्या तीन गोलरक्षकांपैकी एकाचंच नाव होतं. उरलेल्या दोघांसाठी 'फुकटात जग बघणारे' एवढे तीन शब्द. लिहिणाऱ्याने विनोद म्हणूनच लिहिलं असणार, आणि आमच्या घरी सगळे हसलेही. मीही हसलो असतो, पण मी स्वतः सात हंगाम राखीव गोलरक्षक, आमच्या भाषेत राखीव गोली, होतो. म्हणून हे पत्र.

ब्राझीलचा नाही हो, इंदूरच्या एका कापड गिरणीच्या संघाचा. १९७३ ते १९७९. गिरणीचं नाव लिहीत नाही. ती केव्हाच बंद पडली, पण तिथले जे चार-सहा उरलेत ते संध्याकाळी फिरायला भेटतात, त्यांच्याशी या वयात वाद नको. खेळाच्या जोरावर टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली होती. आमच्या वेळी इकडच्या पोरांना गोलात उभं राहायचं वेड लागलं ते महूच्या शंकर लक्ष्मण यांच्यामुळे. ते हॉकीचे, पण आधी फुटबॉल खेळलेले. नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, आणि १९५६, ६० आणि ६४ अशी तीन ऑलिंपिक भारताच्या गोलात. एवढा मोठा माणूस आपल्या शेजारच्या गावचा म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाला वाटायचं, आपणही असंच झेलू. मला झेलायला मिळालं, फक्त सामना सुरू व्हायच्या आधी.

राखीव गोलीचं काम असतंच तेव्हा. सामन्याआधी वीस-पंचवीस मिनिटं पहिल्या गोलीला तयार करायचं. आधी हातात अलगद, मग छातीवर, मग दोन्ही बाजूंना जमिनीलगत, शेवटी कोपऱ्यातून उंच. आमच्या पहिल्या गोलीचा डावा खांदा थंडीत उशिरा सुटायचा, हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला माहीत होतं. कातडी मोजे कुणाला परवडणार? कार्डिंग खात्यातले सुती हातमोजे असायचे. ते भिजवून, घट्ट पिळून घातले की चेंडू सटकत नसे. भिजवायचे मी, घालायचा तो. तो माझ्यापेक्षा सरस होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटेल म्हातारा जुनी खुन्नस काढतोय.

सात वर्षांत मी एक सामना खेळलो. १९७७, दसऱ्यानंतरची गोष्ट, कडक ऊन. पहिल्या गोलीला टायफॉइड झाला होता. मॅनेजर म्हणाले, "चल भिया, आज तू." उत्तरार्धात एक साधा, कंबरेएवढा, सरळ माझ्याच अंगावर आलेला चेंडू हातांतून निसटला, पायांमधून गेला, टाचेला लागला आणि रांगत रांगत रेषेपलीकडे पोचला. मी वळून पाहिलं तेव्हा तो अजून रांगतच होता. मोजे कोरडे होते. ते भिजवणारा माणूस त्या दिवशी गोलात उभा होता ना! आम्ही एका गोलने हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'गोलकीपरच्या चुकीमुळे संघ बाद'. नाव नव्हतं. वर्तमानपत्राने नाव न छापल्याबद्दल मी आयुष्यात एकदाच आभार मानले, ते तेव्हा.

ब्राझीलमध्ये अशा गोलला 'फ्रांगो' म्हणतात, म्हणजे कोंबडी. अंगणात कोंबडी धरायला वाकावं आणि ती पायांतून पळावी, तसं. त्याच सप्टेंबरात पेले कोलकात्याला येऊन मोहन बागानशी खेळून गेला होता आणि महिन्याभरात माझी कोंबडी सुटली. ब्राझीलशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच. पण तेव्हापासून त्यांच्या दुसऱ्या गोलींची नावं मी एका वहीत लिहून ठेवतो. लोक तिकिटं जमवतात, तसं. (सौ. म्हणतात, तिकिटांना निदान भाव तरी येतो.)

त्या वहीत पहिलं नाव कास्तील्यो. रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबाचा गोली, तिथे जवळजवळ सातशे सामने खेळलेला. देशासाठी चार विश्वचषकांना गेला: १९५०, ५४, ५८ आणि ६२. खेळला फक्त १९५४ मध्ये. ब्राझीलने जिंकलेल्या ५८ आणि ६२ या दोन्ही वेळी गोलात जिल्मार होता आणि कास्तील्यो बाहेर. आणि बाहेर म्हणजे आजच्यासारखं नाही. विश्वचषकात बदली खेळाडू घ्यायची मुभाच मुळी १९७० मध्ये मिळाली. त्याआधी जिल्मारचा हात मोडला असता तरी कास्तील्यो मैदानात उतरू शकला नसता, दहापैकीच कुणीतरी गोलात उभा राहिला असता. सामना सुरू झाला की त्याचा त्या सामन्याशी संबंध संपला. तरी सकाळी सरावाला हजर. याच माणसाने १९५७ मध्ये पुन्हा पुन्हा मोडणारी डाव्या हाताची करंगळी अर्धी कापून घेतली होती. बरं व्हायला महिने लागतील असं डॉक्टर म्हणत होते आणि त्याला लवकर खेळायचं होतं. आपल्या चौकटीतला 'फुकटात' हा शब्द मी त्या करंगळीशेजारी ठेवून पाहिला. बसत नाही.

ब्राझीलच्याच मांगाचंही सांगायला हवं, कारण त्याची गोष्ट माझ्या जवळची. १९६६ मध्ये पहिले दोन सामने जिल्मार खेळला, तिसऱ्याला मांगाला उभं केलं. समोर पोर्तुगाल. हरलो तर घरी, अशी वेळ. युसेबिओचा क्रॉस त्याने जेमतेम ढकलला, तो सिमोइंशच्या डोक्यावर गेला आणि तिथून जाळ्यात. ब्राझील ३-१ ने हरून परत. तोच मांगा पुढे इतका मोठा झाला की त्याच्या जन्मदिवशी, २६ एप्रिलला, ब्राझीलमध्ये गोलरक्षक दिन पाळतात. मला टायफॉइडची दुसरी साथ मिळाली नाही, म्हणून माझा दिन राहिला.

बाकावरून गादीवर आलेल्यांची यादी तर मोठीच आहे. लेआँव सत्तरला राखीव, चौऱ्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तरला पहिला, आणि शहाऐंशीला परत बाकावर. वाल्दिर पेरेस दोन विश्वचषक बसून मग ब्याऐंशीला गोलात. कार्लोस दोन बसून शहाऐंशीला. दिदा दोन बसून २००६ ला. थोडक्यात, आज ज्याला आपण पाहुणा म्हणतो तो चार वर्षांनी यजमान असतो.

पण माझा लाडका रोजेरिओ सेनी. पोरगा बँकेत नोकरीला होता, बँको दो ब्राझीलमध्ये. माटो ग्रोसो राज्यातल्या सिनोप नावाच्या गावात क्लबाचा तिसरा गोली. वरचे दोघे जायबंदी झाले, हा उभा राहिला आणि १९९० मध्ये क्लब राज्याचा विजेता झाला. त्याच वर्षी साओ पावलो या बड्या क्लबाने त्याला नेलं. नेलं म्हणजे बसवलं. तिथे झेट्टी होता, आणि झेट्टी गोलात असताना साओ पावलोने १९९२ आणि ९३ अशी लागोपाठ दोन वर्षं लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. असल्या माणसाला कोण बाजूला करणार? क्लबाने राखीव पोरांचा वेगळा संघ काढला, त्याला 'एक्स्प्रेसिन्यो' म्हणायचे, म्हणजे छोटी एक्स्प्रेस. ९४ ला त्या संघाने सेनीला गोलात ठेवून कोन्मेबोल चषक आणला. तरी जागा मिळाली नाही. झेट्टी गेल्यावर ९७ ला मिळाली. त्या सहा-सात वर्षांत हा गडी काय करत होता? सराव संपल्यावर थांबून फ्री किक मारत होता. एकट्याने, शेकड्यांनी. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याने फ्री किकवर पहिला गोल केला आणि २०१५ मध्ये थांबला तेव्हा गोलकीपर असून शंभराहून जास्त गोल त्याच्या नावावर होते.

आणि देशाच्या संघात? २००२ ला मार्कोसच्या मागे, एक मिनिटही न खेळता विश्वविजेता. २००६ ला दिदाच्या मागे. त्याआधीच्याच डिसेंबरात क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला एकट्याने थोपवून आलेला माणूस, त्याला जपानविरुद्ध शेवटची काही मिनिटं दिली, तीही निकाल लागून गेल्यावर.

आपल्याकडे कुणाला हे कळत असेल तर चंद्रकांत पंडितांना. यष्टिरक्षक म्हणून किरण मोऱ्यांच्या सावलीत राहिले, पाच कसोट्या मिळाल्या. पुढे आमच्या मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूला रणजीची अंतिम लढत हरले आणि २०२२ मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून जिंकून दाखवली. त्या संध्याकाळी इंदुरात फटाके वाजले. माझ्या शेजाऱ्याला वाटलं कुणाची वरात आहे.

असो, विषय 'फुकटात' या शब्दाचा, म्हणजे पगाराचा होता. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघानेच २०१५ सालच्या नोंदींवरून जाहीर केलं होतं की तिथल्या व्यावसायिक खेळाडूंपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना महिन्याला हजार रेआलपर्यंतच (रेआल म्हणजे तिथला रुपया) पगार मिळतो. त्यात राखीव गोलीची गोची वेगळी. पुढचा खेळाडू बाकावर असला तरी शेवटची वीस मिनिटं पळायला मिळतात. आता पाच बदल करता येतात, पण त्यातला एकही सहसा गोलीच्या वाट्याला येत नाही. पहिला जखमी झाला पाहिजे किंवा त्याला लाल कार्ड तरी मिळालं पाहिजे. आपल्याच जोडीदाराचं वाईट झालं तरच आपली संधी. हे मनात येतं, आणि आलं की स्वतःची लाज वाटते. त्या टायफॉइडच्या वेळी मी फळं घेऊन भेटायला गेलो होतो, पण जिना चढताना पावलं जरा जास्तच हलकी होती. त्यालाही ते कळलं असणार. त्यातल्या त्यात त्यांच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला राज्य स्पर्धा असतात, तिथे मोठे क्लब दुसऱ्या गोलीला उभं करतात. बाकी वर्ष मग वेव्हर्टनसारखं फोनची वाट बघायची. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर पहिला गोली फर्नांडो प्रासचं कोपर दुखावलं म्हणून वेव्हर्टनला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात जर्मनीची शेवटची पेनल्टी त्यानेच अडवली. कतारला २०२२ मध्ये तो तिसरा गोली होता. कोरियाविरुद्ध दहा मिनिटं राहिली असताना त्याला उतरवलं आणि ब्राझीलच्या सव्वीसच्या सव्वीस जणांना खेळायला मिळालं.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. शापेकोएन्से हा ब्राझीलमधल्या छोट्या गावचा क्लब. २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांच्या दानिलोने उपांत्य सामन्याच्या शेवटच्या क्षणी पायाने एक चेंडू अडवला आणि क्लब पहिल्यांदा मोठ्या अंतिम फेरीत गेला. पाच दिवसांनी त्या अंतिम सामन्यासाठी कोलंबियातल्या मेदेयिनला जाताना विमान कोसळलं. ७१ जण गेले, सहा वाचले. क्लबाकडे चार गोली होते. दानिलो गेला. त्याचा राखीव, चोवीस वर्षांचा जॅक्सन फॉलमन, वाचला, पण त्याचा उजवा पाय कापावा लागला. मार्सेलो बोएक वाढदिवसाची रजा घेऊन घरी राहिला होता. आणि निवाल्दो, चाळिशी ओलांडलेला, दहा वर्षं त्या क्लबात, त्याला या दौऱ्यावर नेलं नव्हतं. त्याने लगेच हातमोजे उतरवले ते कायमचे. फॉलमन पुढे कृत्रिम पायावर उभा राहून गायला लागला, २०१९ ला तिथल्या टीव्हीवरची एक मोठी गाण्याची स्पर्धा जिंकला. या चौघांपैकी तिघांची नावं त्या आठवड्याआधी आपल्यापैकी कुणी कधी वाचली होती का? मी नव्हती वाचली, आणि मी तर वही ठेवणारा.

माझी मागणी लहान आहे. आपण सामन्यांच्या बातम्या छापता, शालेय स्पर्धा असोत नाहीतर कोल्हापूरची लीग असो, तेव्हा अकरा नावांनंतर बाराव्या क्रमांकाचंही नाव छापा. बारीक टायपात चालेल. माझा मावसभाऊ कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. विश्वचषकाच्या वर्षी त्यांच्या गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात, पण गल्लीतल्या तालमीचा दुसरा गोली कोण, हे विचारलं तर तोही अडखळतो. जागा नसते हे मला कळतं. १९७८ मध्ये आम्ही शहरातली स्पर्धा जिंकलो तेव्हाही नव्हती. फोटो आला, खाली डावीकडून नावं, आणि शेवटी 'व इतर'. वडिलांनी पाच अंक आणले होते. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "ह्यात तू कुठे रे?" वडील म्हणाले, "तो काय, इतर." पुढे महिनाभर घरात मला त्याच नावाने जेवायला बोलावत होते.

त्या कात्रणाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा मी. चेहरा नीट आलेला नाही, पण हातात मोज्यांचे दोन जोड आहेत, त्यावरून ओळखता येईल. झेरॉक्स परत पाठवायची गरज नाही.

आपला,
द. वि. कु.
रामबाग, इंदूर