वही मिटूनही अभ्यास करायला शिकवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास आणि वेळेचे नियोजन

महोदय,

सत्र परीक्षा जवळ आल्या की ‘वेळापत्रक करा, पहाटे उठा’ असे सल्ले मुलांना सगळीकडून मिळू लागतात. नाशिकमध्ये बरीच वर्षे शिकवल्यावर मला हे सल्ले फार अपुरे वाटतात. केटीएचएम, एचपीटी, बीवायके अशा महाविद्यालयांत दिंडोरी, पेठ, निफाड, सिन्नरकडची कितीतरी मुले एसटीने ये-जा करतात. त्यांची पहाट गाडी पकडण्यात जाते. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर येते तेव्हाच द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची घाई असते आणि घरच्या कामाला नाही म्हणता येत नाही. अशा मुलाला ‘रोज सहा तास अभ्यास कर’ म्हणून सांगणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. हाताशी असलेल्या दीड-दोन तासांत नेमके काय करायचे, हे त्याला कोणी शिकवतच नाही.

बहुतेक मुले तेच पान पुन्हा पुन्हा वाचतात. मी पाहिलेल्या कितीतरी वह्यांत हायलायटरने अख्खे पान पिवळे केलेले असे. चारदा वाचले की सगळे ओळखीचे वाटते आणि येतेय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. एका गटाने उतारा फक्त पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपली परीक्षाही वाचल्यावर पाच मिनिटांत होत नाही.

पेठकडून येणारी माझी एक विद्यार्थिनी फुलस्केप कागद उभा दुमडायची. डावीकडे प्रश्न, उजवीकडे मोजक्या शब्दांत उत्तर. गाडीत उजवी बाजू झाकून ती पुटपुटत उत्तरे द्यायची. अडलेल्या प्रश्नापुढे फुली, आणि संध्याकाळी परतताना फक्त फुल्यांचेच प्रश्न. तीन दिवसांनी तोच कागद पुन्हा बाहेर यायचा. खिडकीची जागा मिळाली नाही तरी हा अभ्यास होतो, वेगळे टेबल लागत नाही. मधे दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मांडले आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुरेशी झोप घेणे हेही आलेच, पण ते मुलांना ठाऊक असते.

माझा खरा आग्रह महाविद्यालयांकडे आहे. अंतर्गत मूल्यमापन आता प्रत्येक विषयाला आहे, पण बहुतेक ठिकाणी प्राध्यापक आपापल्या तारखा वेगवेगळ्या ठरवतात. परिणामी चार विषयांच्या असाइनमेंट, चाचण्या आणि तोंडी परीक्षा एकाच आठवड्यात येऊन आदळतात. मग मुलांनी कसले नियोजन करायचे? सगळ्या विषयांच्या तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यातच एका कागदावर द्याव्यात. त्याला खर्च काहीच नाही. विभागप्रमुखांनी एकदा एकत्र बसायचे एवढेच.

दुसरे, शेवटचा तास संपल्यापासून गाडीच्या वेळेपर्यंत एक तरी वर्ग उघडा ठेवावा. खासगी अभ्यासिकांचे मासिक शुल्क सगळ्यांना झेपत नाही. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहरात मुलांना बसस्थानकाच्या बाकावर वही उघडावी लागू नये.

आणि प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या तासावरच्या दोन-तीन प्रश्नांना द्यावीत. वही बंद, गुण नाहीत, हजेरीशी संबंध नाही. अभ्यासक्रम मागे पडेल असे सहकारी म्हणतात. पण शिकवलेले आठवड्यात पुसले जाणार असेल, तर तो पूर्ण झाला असे तरी कसे म्हणायचे? जूनमध्ये नवीन सत्र सुरू होताना प्राचार्यांनी निदान प्रथम वर्षाच्या वर्गांपासून याची सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक