बाबा, हा वशिला नव्हे

टोरांटो,
मे २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलू लागलात की जे सांगायचे तेच राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दादाला सांगून याची मोठ्या अक्षरातली छापील प्रत काढून घ्यावी. आईने मोबाइलवर डोळे ताणून वाचत बसू नये. दुकानातली नोकरी मी सोडली आहे. राजीनामा मंजूर झाला असून १ जूनपासून मी पाण्याच्या नळवाहिन्यांचे आराखडे करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत रुजू होत आहे. तेव्हा तुमचा सल्ला मागण्यासाठी हे पत्र नाही, आणि याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मी जाणून आहे. त्याहून वाईट गोष्ट अशी की नव्या जागी लगेच रजा मिळत नाही, त्यामुळे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला येता येणार नाही. हे लिहायला मी दोन परिच्छेद पुढे ढकलणार होते, पण आई शेवटचे पान आधी वाचते, तेव्हा उपयोग झाला नसता.

बाबा, पक्की नोकरी सोडून वर्षभराच्या कराराची नोकरी धरणे तुम्हाला वेडेपणाचे वाटते, हे तुम्ही बोलला नाहीत तरी मला समजले. दुकानाने मला प्लंबिंग विभागाची सुपरवायझर केले होते, पुढच्या बढतीचीही बोलणी चालू होती. तिथली माणसे चांगली होती, कामाचे तास ठरलेले होते. पण कोणी नळाच्या एल्बो आणि टी या जोडांतला फरक विचारावा आणि मी तो कपाटातून काढून दाखवावा, यात वर्षे गेली असती, आणि वर्षे गेली की रायका-दोडक्याच्या फ्रेंच विहिरींवर, म्हणजे नदीपात्रातून शहराला पाणी देणाऱ्या विहिरींवर, तुमच्यामागे फिरून जे शिकले, कलाभवनच्या इंजिनियरिंगच्या वर्गात जे शिकले, ते कागदावरच राहिले असते. नव्या जागी पगार जवळपास तेवढाच आहे. हुद्दा बडोद्यात होता त्यापेक्षा एक पायरी खालचा आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दादाकडून कळायला नको.

आता खरा मुद्दा. 'कोणाच्या ओळखीने मिळाली?' असे तुम्ही विचारले आणि मी 'मेंटरमुळे', म्हणजे मार्गदर्शक बाईंमुळे, म्हटल्यावर फोन आईकडे दिलात. नाना काकांच्या वेळी काय झाले ते मला चांगले आठवते, आणि त्यानंतर दादाच्या प्रवेशासाठी एक फोन करायला तुम्ही साफ नकार दिलात तेही. आपल्या घरात वशिला लावलेल्या जागेवर कोणी बसत नाही, हे मी विसरलेले नाही. म्हणून नीट सांगते, आणि तुम्ही संपूर्ण वाचल्याशिवाय मत ठरवू नये.

इथे २००३ साली टोरांटो रीजन इमिग्रंट एम्प्लॉयमेंट काउन्सिल नावाची संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मेंटरिंगचा उपक्रम काढला. कॅल्गरी, एडमंटन आणि ब्रिटिश कोलंबियातही अशा परिषदा आहेत. बाहेरच्या देशातून शिकून, अनुभव घेऊन आलेल्या माणसाला त्याच्याच व्यवसायातल्या इथल्या माणसाशी जोडून द्यायचे: लेखापालाला लेखापालाशी, इंजिनियरला इंजिनियरशी. ते दोघे काही महिने ठरावीक वेळी भेटतात किंवा फोनवर बोलतात. शिकवणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, शिकणाऱ्याला भरावे लागत नाहीत. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना हे काम करायला सांगतात, कारण नव्याने आलेली माणसे कशी विचार करतात हे त्यांनाही त्यातून कळते. आणि मेंटरने नोकरी मिळवून द्यावी अशी अपेक्षा ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले जाते. माझ्या मेंटर बाई नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची कामे करणाऱ्या दुसऱ्याच कार्यालयात आहेत. माझ्या नव्या कंपनीत त्यांचा एक शब्दही चालत नाही. त्या कंपनीची जाहिरात मी पाहिली, अर्ज मी केला, तिघांनी मिळून माझी मुलाखत घेतली आणि त्यातले एक गृहस्थ इतके तिखट होते की तुम्हाला ते फार आवडले असते.

मग बाईंनी केले काय? माझा बायोडेटा त्यांनी समोर ठेवला आणि लाल पेनाने वरचा अर्धा भाग उडवला. जन्मतारीख, वडिलांचे नाव, विवाहित की अविवाहित, फोटो, भाषा आणि छंद, सगळे गेले. इथे ही माहिती द्यायची पद्धत नाही; भेदभाव झाल्याचा आरोप नको म्हणून नोकरी देणाऱ्यालाही ती नको असते. तुमचे नाव खोडले गेले तेव्हा मला थोडे लागले, हे कबूल करते. उरलेल्या भागात मी सगळीकडे 'आम्ही जलवाहिनी बदलली', 'आमच्या विभागाने गळती शोधली' असे लिहिले होते. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: यात तुझा हात कुठे? आपल्याकडे स्वतःचे नाव पुढे करणे उद्धटपणाचे मानतात, इथे ते न केल्यास वाचणाऱ्याला वाटते की ही बाई नुसती तिथे उभी होती. मी दहा वेळा लिहून, खोडून, शेवटी 'कोणता नकाशा मी काढला, कोणत्या व्हॉल्व्हची जागा मी ठरवली' असे मांडले, तेव्हा मला स्वतःलाच कळले की मी बरेच काम केलेले आहे.

आणखी एक रीत त्यांनी शिकवली, जिच्यामुळे तुमचा संशय कदाचित फिटेल. अनोळखी इंजिनियरला नम्रपणे लिहायचे की तुमच्या कामाविषयी वीस मिनिटे बोलायचे आहे. त्या वीस मिनिटांत नोकरी मागायची नाही, एकदाही नाही. त्यांचे काम कसे चालते, कोणती सॉफ्टवेअर वापरतात, नवशिक्यांना कुठे अडते एवढेच विचारायचे आणि आभार मानून उठायचे. मला सुरुवातीला हे हात पसरण्यासारखे वाटले. पण माणसे मोकळेपणाने बोलतात, आपल्या धंद्याविषयी बोलायला कोणाला आवडत नाही? इथल्या पाणीपुरवठ्याच्या संघटनेच्या सभेलाही बाईंनी मला जायला लावले. तिथे मी पहिला तासभर कॉफीचा कप धरून भिंतीपाशी उभी होते.

बाबा, तुम्ही विचारले होते की तिकडे उणे वीस अंशांत नळाचे पाणी गोठत कसे नाही. त्याचे उत्तर बाईंनी कागदावर काढून दाखवले. टोरांटोत जमीन साधारण सव्वा मीटरपर्यंत गोठू शकते असे धरून घरांचे पाये घालतात, आणि मुख्य जलवाहिन्या त्याहूनही खोल टाकतात. आग विझवायला पाणी घेण्याचा रस्त्यावरचा खांब, म्हणजे हायड्रंट, त्याचा व्हॉल्व्ह वर नसतो, तो खाली जमिनीत असतो आणि एक लांब दांडा फिरवून उघडतात. बंद केला की खांबातले उरलेले पाणी तळाच्या भोकातून झिरपून जाते आणि खांब हिवाळाभर कोरडा राहतो, त्यामुळे बर्फाने फुटत नाही. आपल्या निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना हे सांगा, त्यांना गंमत वाटेल. हे रेखाटताना बाईंच्या उजव्या करंगळीतली पोलादाची साधी अंगठी कागदावर घासत होती. इथल्या इंजिनियरांची ती खूण आहे. १९२५ सालापासून एका समारंभात ती देतात आणि ज्या हाताने काम करायचे त्याच हाताच्या करंगळीत घालतात, म्हणजे नकाशा काढताना ती कागदाला लागून जबाबदारीची आठवण देते. १९०७ साली क्यूबेकचा पूल बांधताना कोसळून ७५ कामगार गेले, त्याच्या लोखंडाच्या या अंगठ्या, असे लोक सांगतात. ते खरे नाही, पण बाईंनी हे मला दोनदा सांगितले, यावरून त्यांचा स्वभाव तुम्हाला कळेल.

रोज संध्याकाळी खात्यातली ज्युनियर मुले आपल्या ओट्यावर येऊन बसायची, आई त्यांना चहा द्यायची आणि तुम्ही पाटीवर खडूने आजव्याच्या तलावापासून शहरापर्यंतची लाइन काढून दाब कुठे पडतो ते समजावून सांगायचात. त्यांतल्या एकाचीही बदली तुम्ही करून दिली नाहीत. त्याला कोणी वशिला म्हणाले नाही. मी पलीकडे बाहुलीला निजवत सगळे ऐकत असे आणि खडूचे तुकडे चोरत असे. माझ्या मेंटर बाईंनी जे केले ते याहून वेगळे नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

कायद्याची बाजूही सांगते, कारण तुम्ही विचारणारच. ओंटारियोत 'प्रोफेशनल इंजिनियर' म्हणवून घ्यायला परवाना लागतो आणि त्यासाठी अठ्ठेचाळीस महिन्यांचा कामाचा अनुभव, शिवाय कायदा व नीतिमत्ता यांवरची परीक्षा. पूर्वी त्या अनुभवातले एक वर्ष कॅनडातलेच हवे असे, आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही, या फेऱ्यात चांगली चांगली माणसे टॅक्सी चालवत राहिली. २०२१ मध्ये प्रांताने अशा अटींविरुद्ध कायदा केला आणि मे २०२३ मध्ये इंजिनियरांच्या नियामक संस्थेने ती अट काढली. यंदाच्या जानेवारीपासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीतही कॅनडाचा अनुभव मागता येत नाही. कागदावरची अट गेली तरी मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली शंका जायला वेळ लागतो, म्हणून तर इथल्या वाटा दाखवणारे माणूस लागते. परवाना मिळेपर्यंत मी परवानाधारक इंजिनियरच्या देखरेखीखाली काम करणार आहे. नियमाला ते मंजूर आहे.

आता आईसाठी. माझे जेवणाखाण्याचे हाल होत नाहीत. इथल्या गुजराती दुकानात लसणाची शेव, मठिया, आपल्या मसाल्याची तूरडाळ, कढीपत्ता सगळे मिळते, फक्त कढीपत्ता सोन्याच्या भावाने मिळतो. खोलीत हीटर अखंड चालतो, घरात मी सुती कपडे घालून फिरते. डॉक्टरांचा खर्च प्रांताच्या आरोग्य विम्यातून होतो. दातांचा होत नाही, म्हणून दात नीट घासते. नवी कचेरी मेट्रोच्या स्टेशनापासून चालत जाण्यासारखी आहे, म्हणजे थंडीत बसची वाट बघत उभे राहावे लागणार नाही. मला रात्री भूक लागली तर तू जशी गूळ-तुपाची पोळी लाटायचीस तशी करता येत नाही, पण प्रयत्न करते आणि जळकी खाते. रडू नकोस. आलेच तर थेंब घालायच्या आधी रड.

ऑपरेशनचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवले आहेत आणि त्यातला एक रुपयाही बाबांनी परत पाठवू नये. दादा सुरतेहून आदल्या दिवशी येईल आणि आठवडाभर राहील. वहिनींना शाळेची सुट्टी आहे. दवाखान्यात जाता-येता गाडी करायची, स्कूटर नाही. आई, ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस खाली वाकायचे नाही, डोळ्यावर पाणी मारायचे नाही आणि शेगडीजवळ जायचे नाही. चहा बाबा करतील, त्यांना येतो, ते येत नसल्याचे सोंग करतात. थेंबांच्या वेळा मी कागदावर लिहून दादाला पाठवते, तो फ्रिजवर चिकटवेल. बाबा, टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीच्या लोखंडी शिडीवर चढणे बंद. सत्तरीनंतर गुडघ्याची परीक्षा घ्यायची नसते. इन्व्हर्टर पाऊस लागण्यापूर्वी वरच्या मजल्यावर हलवावा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते आपण पाहिले आहे. इन्व्हर्टर उचलून न्यायला दोन माणसे लागतात आणि ती तुम्ही दोघे नव्हे.

एक काम मात्र तुम्हीच करायचे आहे. परवान्यासाठी विद्यापीठाकडून माझ्या गुणपत्रिका मोहरबंद पाकिटात थेट इथल्या संस्थेकडे यायला हव्यात. फतेहगंजला विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन, नियमाप्रमाणे फी भरून, रांगेत उभे राहून अर्ज द्यावा; अर्ज मी भरून दादाकडे पाठवला आहे. तिथे तुमचे विद्यार्थी असतील तर ओळख सांगू नका, हे सांगायला नकोच. सकाळी नाश्ता करून जा, साखरेच्या गोळ्या खिशात ठेवा, आणि पावतीचा फोटो मला त्याच दिवशी पाठवा.

तुमची,
मनू